इमारत वाचली, पण पब? रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न आणि ब्रिटनचे वारसा-कायदे

लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिणेला, व्हॉक्सहॉल स्टेशनातून बाहेर पडलं की केनिंग्टन लेनवर वळणदार तोंडाची एक जुनी इमारत एकटीच उभी दिसते. शेजारी खेटून घर नाही. मागे बाग, पुढे बसगाड्यांची वर्दळ. हा रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न. लंडनच्या गे, लेस्बियन आणि ट्रान्स लोकांसाठी हा पब कित्येक दशकं घरासारखा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने ही इमारत संरक्षित वास्तूंच्या यादीत घेतली आणि तिला ग्रेड टू दर्जा दिला. त्या यादीत जुने पब पुष्कळ आहेत, पण इथे दिलेलं कारण नवं होतं. एलजीबीटी समाजाच्या इतिहासातलं स्थान हे कारण धरून ब्रिटनमध्ये यादीत आलेली ही पहिली इमारत.

बातमी वाचून अनेकांनी गृहीत धरलं की पब आता कायमचा वाचला. तसं होत नाही. हा दर्जा विटा, खांब आणि खिडक्या राखतो. आत शनिवारी रात्री काय चालावं, दारूचा परवाना कुणाकडे असावा, भाडं किती असावं, यावर त्याचा अधिकार चालत नाही. रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न टिकला तो एका कायद्यामुळे नव्हे. वेगवेगळ्या कायद्यांचे तुकडे लोकांनी चिकाटीने एकमेकांना जोडले म्हणून तो टिकला. ते तुकडे कोणते आणि कुठे अपुरे पडतात हे समजायचं तर आधी या पबात जपण्यासारखं काय होतं ते पाहायला हवं.

बागेच्या जागेवर

व्हॉक्सहॉलचं आणि करमणुकीचं नातं पबापेक्षा दोनशे वर्षांनी जुनं आहे. १६६१ च्या सुमारास इथे न्यू स्प्रिंग गार्डन्स ही बाग सुरू झाली. १७२९ मध्ये जोनाथन टायर्स यांनी ती भाडेपट्ट्याने घेतली आणि तिचं रूप पालटून टाकलं. संगीत आलं, दिव्यांची रोषणाई आली, जेवणासाठी आडोसे आले, झाडांमधून अंधाऱ्या वाटा निघाल्या. एक शिलिंग मोजलं की कारागीर आणि सरदार एकाच वाटेने फिरायचे. १७३२ मध्ये टायर्स यांनी तिथे 'रिडोट्टो अल फ्रेस्को' हा मुखवट्यांचा मोठा जलसा भरवला.

त्याच वर्षी ओल्ड बेली न्यायालयात कपड्यांच्या चोरीचा एक खटला चालला. फिर्यादी होता जॉन कूपर. शेजारपाजारचे लोक त्याला 'प्रिन्सेस सेराफिना' म्हणत, आणि साक्ष देतानाही त्यांनी तेच नाव घेतलं. पांढरा झगा, तांबडा लांब डगला, कपाळावर कुरळे केलेले केस, हातात पंखा. एका बाईने साक्षीत सांगितलं की व्हॉक्सहॉलच्या जलशाला जाण्यासाठी सेराफिनाने शिवणकाम करणारीकडे तिची लेस लावलेली टोपी मागितली होती. टोपी मिळाली नाही, पण झगा मिळाला, आणि तेवढ्यावर ती जलशाला गेली. न्यायालयाच्या छापील नोंदीत हे सगळं आजही वाचायला मिळतं. बाईचा पोशाख करून व्हॉक्सहॉलला नाचायला जाणाऱ्या पुरुषाची ही नोंद पब बांधला जाण्याच्या सव्वाशे वर्षं आधीची आहे. शेजाऱ्यांच्या बोलण्यात तिच्याबद्दल फारसा तिटकारा नाही, हे त्या नोंदीचं मोल आणखी वाढवतं.

बाग जुलै १८५९ मध्ये बंद पडली. जमिनीचे तुकडे पडले, रस्ते आखले गेले, घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या नव्या वस्तीसाठी १८६० ते १८६२ या काळात हा पब बांधला गेला. वास्तुरचनाकार होते जेम्स एडमेस्टन. पुढे १९७० च्या दशकात मागच्या घरांच्या रांगा पाडून तिथे पुन्हा मोकळी बाग केली गेली आणि पब एकटा उरला. आजचं त्याचं एकटेपण तिथून आलं. याच एकटेपणामुळे पुढे तो बिल्डरांच्या नजरेत भरला.

पबच का?

इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १५३३ च्या कायद्यापासून गुन्हा होते, आणि १८६१ पर्यंत त्यासाठी फाशीची तरतूद होती. मदर क्लॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईच्या लंडनमधल्या घरात असे पुरुष जमत. १७२६ मध्ये तिथे छापा पडला आणि तीन पुरुषांना टायबर्नला फासावर चढवलं गेलं. १८८५ मध्ये 'घोर असभ्य वर्तन' असा नवा गुन्हा आला. त्यात नेमकं काय मोडतं हे कायद्याने सांगितलंच नाही, त्यामुळे पुरावा अगदी थोडा असला तरी शिक्षा होऊ शके. लेखक ऑस्कर वाइल्ड यांना १८९५ मध्ये याच कलमाखाली दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

इथे आपल्याकडचा एक धागा थेट जोडलेला आहे. व्हॉक्सहॉलला पबाचं बांधकाम चालू असतानाच भारतीय दंड संहिता तयार झाली. ती १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यातलं कलम ३७७ त्याच ब्रिटिश विचारातून आलं होतं. सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवलं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ च्या कायद्याने सूट दिली, पण अटी घालून. दोघंही किमान २१ वर्षांचे हवेत आणि संबंध 'खासगीत' हवेत. तिसरा माणूस हजर असला तरी ते खासगी राहत नसे. सैन्यदलं आणि व्यापारी जहाजांवरचे खलाशी या सवलतीबाहेर होते. स्कॉटलंडला १९८० च्या कायद्याची वाट पाहावी लागली आणि उत्तर आयर्लंडला १९८२ ची. संमतीचं वय सर्वांसाठी सारखं व्हायला २००१ उजाडलं.

या चौकटीत घर सुरक्षित नव्हतं, कारण घरमालकाला कळलं तर खोली जाई. नोकरीच्या ठिकाणी बोलायची सोय नव्हती. रस्त्यावर हात धरला तरी पोलीस अडवू शकत. उरला तो पब. आत शिरायला कुणाची ओळख लागत नाही, एक ग्लास घेतला की तासभर बसता येतं, आणि बाहेर पडल्यावर कुणी विचारलं तर 'पबात गेलो होतो' हे उत्तर पुरतं. एलजीबीटी लोकांच्या इतिहासात पब वारंवार का येतो याचं कारण इतकं साधं आहे. या समाजाकडे स्वतःची देवळं, सभागृहं किंवा ट्रस्टच्या इमारती नव्हत्या. जमायची जागा होती ती दुसऱ्याच्या मालकीच्या पबातली, आणि तिचा परवाना दरवेळी पोलिसांच्या मर्जीवर टांगलेला असे. 'इथे बेशिस्त चालते' असा शेरा पडला की परवान्याचं नूतनीकरण अडू शके. त्यामुळे मालक बिचकून असत आणि ग्राहक सावध.

बारवरून चालणारे कलाकार

दुसऱ्या महायुद्धानंतर टॅव्हर्नमध्ये ड्रॅगचे कार्यक्रम होऊ लागले. सैन्यातल्या करमणुकीच्या पथकांत पुरुषांनी स्त्रीवेष करणं रूढ होतं. युद्ध संपल्यावर त्यातले काही कलाकार पबांच्या रंगमंचावर आले.

मराठी वाचकाला स्त्रीपार्टी नट म्हटलं की बालगंधर्व आठवतात. समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरावं, यात त्या कलेची थोरवी होती. ड्रॅग त्याच्या उलट चालतं. जाड पापण्या, डोंगराएवढा टोप, भडक ओठ, आणि तेवढ्यात आलेला खणखणीत पुरुषी आवाज. वेष आहे हे प्रेक्षकाला क्षणभरही विसरू द्यायचं नाही, आणि त्या फटीतूनच लग्न, पोलीस, चर्च, सरकार अशा सगळ्यांवर बोलून घ्यायचं. समोर बसलेल्या माणसांना दिवसभर स्वतःला लपवावं लागत असे. त्यांच्यासाठी हे खळखळून हसणं फार मोठी गोष्ट होती.

टॅव्हर्नची आतली रचना या कलेला सोयीची ठरली. तिथला बार लांब आणि वळणदार होता, आणि कलाकार थेट त्याच्या फळीवर चढून चालत. गाणं सुरू झालं की लोक आपापले ग्लास उचलून घ्यायचे, नाहीतर टाचेचा धक्का ठरलेला. १९८० च्या सुमारास अंतर्भाग मोकळा केला गेला, तो जुना बार गेला आणि नीट रंगमंच आला. ही बारीक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, कारण वारसा-अर्जाच्या वेळी आतली मूळ रचना बरीच बदललेली होती.

१९८० च्या दशकात इथे लिली सॅव्हेज हे पात्र मोठं झालं. ते साकारणारे पॉल ओग्रेडी मूळचे लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडचे. दिवसा त्यांनी समाजकल्याण विभागात काम केलेलं होतं. सोनेरी टोप घातलेली, तोंडाळ, गरिबीत वाढलेली लिली कुणाचीच भीड ठेवत नसे. पुढे ओग्रेडी दूरचित्रवाणीवर देशाचे लाडके झाले, २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हा सगळीकडे हळहळ व्यक्त झाली. पण ही लिली घडली ती टॅव्हर्नच्या रंगमंचावर.

जानेवारी १९८७

या पबाच्या इतिहासातली सर्वांत जास्त सांगितली जाणारी रात्र याच काळातली. एड्सची दहशत शिगेला पोचली होती. सरकारने त्याच महिन्यात घरोघरी माहितीपत्रकं पाठवायला सुरुवात केली होती, आणि या रोगावर उपयोगी पडणारं औषध रुग्णांच्या हाती पोचलं नव्हतं. अशा वेळी तीसेक पोलिसांनी टॅव्हर्नवर छापा घातला. त्यांच्या हातात रबरी मोजे होते, कारण आतल्या माणसांना स्पर्श केला तर आजार होईल अशी त्यांची समजूत होती. काही जणांना पकडून नेलं. रंगमंचावर लिली सॅव्हेज होती. ओग्रेडी पुढे मुलाखतींत सांगत की मोजे पाहून लिलीने लोकांना म्हटलं, भांडी घासायला मदतनीस आलेले दिसतात.

त्या मोज्यांचा अर्थ नीट कळावा म्हणून त्याच वर्षीची दुसरी नोंद शेजारी ठेवावी लागते. एप्रिल १९८७ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एड्सच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. उद्घाटनाला आलेल्या राजकुमारी डायना यांनी एका रुग्णाशी मोज्याविना हस्तांदोलन केलं. स्पर्शाने हा विषाणू पसरत नाही हे वैद्यकशास्त्राला आधीपासून ठाऊक होतं. छाप्यानंतरही पब चालू राहिला. आजारी मित्रांसाठी पैसे गोळा करणारे कार्यक्रम झाले, आणि अंत्ययात्रेनंतर लोक इथेच येऊन बसत. १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले तोवर एका पिढीतली असंख्य माणसं गेली होती. जे उरले त्यांच्यासाठी ही जागा आठवणींचं ठिकाणही झाली. यादीत नोंद करताना 'ऐतिहासिक महत्त्व' म्हणतात ते हेच.

१९९५ पासून शनिवारची रात्र 'डकी' या चमूकडे आली. सूत्रसंचालन एमी लामे यांच्याकडे होतं. पुढे २०१६ मध्ये त्या लंडनच्या महापौरांच्या रात्रजीवनविषयक प्रतिनिधी झाल्या. डकीने ड्रॅगबरोबर प्रयोगशील सादरीकरण, कविता आणि राजकीय नाट्य एकाच रात्रीत आणलं. ठरावीक साच्यातल्या गे क्लबात ज्यांना परकं वाटे अशी माणसं इथे रुळली. पबाच्या इतिहासाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. डकीमुळे हा पब जुन्या आठवणींवर न जगता नवी कला घडवणारी जागा म्हणून चालू राहिला, आणि २०१५ च्या अर्जाला त्याने बळ दिलं.

जमीन महागली

लंडन विद्यापीठातल्या यूसीएल अर्बन लॅबोरेटरीच्या पाहणीनुसार २००६ मध्ये लंडनमध्ये एलजीबीटी लोकांचे १२५ पब, बार आणि क्लब होते. २०१७ मध्ये ५३ उरले. 'आता मोबाइल अ‍ॅपवर भेटता येतं, पब कशाला हवा' हे उत्तर पटकन दिलं जातं, पण पाहणीत वेगळं चित्र दिसलं. गर्दी असलेल्या जागाही बंद झाल्या. भाडेकरार संपला आणि नवं भाडं परवडलं नाही, मोठ्या बांधकामासाठी जागा गेली, मालकाने जास्त दराने विकून टाकली, अशी कारणं पुन्हा पुन्हा येत होती.

व्हॉक्सहॉलचं गणित समजायला सोपं आहे. शेजारच्या नाइन एल्म्समध्ये उंच इमारतींचं जंगल उभं राहिलं आणि जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेचा दूतावासही तिथे आला. स्टेशन पायाखाली, नदी जवळ. अशा ठिकाणी तीन मजल्यांचा एकटा पब म्हणजे बिल्डरच्या हिशेबात वाया जाणारी हवेतली जागा. पब कितीही नीट चालला तरी त्याचं वर्षाचं उत्पन्न त्या जमिनीवरच्या फ्लॅटच्या किमतीजवळ पोचू शकत नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका मालमत्ता कंपनीने ही इमारत विकत घेतली. ग्राहक, कलाकार आणि अभ्यासकांनी 'आरव्हीटी फ्यूचर' ही मोहीम उभी केली. आरव्हीटी म्हणजे पबाच्याच नावाची इंग्रजी आद्याक्षरं.

पहिलं हत्यार: समाजोपयोगी मालमत्तेची नोंद

२०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमध्ये 'असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू' ही नोंद सुरू केली. गावातला पब, दुकान, सभागृह अशी लोकांच्या उपयोगाची जागा विक्रीला निघाली तर लोकांना पैसे जमवायला वेळ मिळावा, हा तिचा हेतू. पद्धत अशी. स्थानिक संस्था किंवा किमान २१ स्थानिक मतदारांचा गट कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, अर्ज करतो. कौन्सिलने ८ आठवड्यांत निर्णय द्यायचा. नोंद ५ वर्षं टिकते. त्या काळात मालकाला विकायचं असेल तर त्याने आधी कौन्सिलला कळवायचं. मग ६ आठवडे विक्री थांबते. या मुदतीत एखाद्या समाजगटाने 'आम्हाला बोली लावायची आहे' असं कळवलं तर थांबण्याचा काळ सूचनेच्या तारखेपासून ६ महिन्यांपर्यंत वाढतो. त्यानंतर मालक मोकळा. सूचनेपासून १८ महिने संपेपर्यंत तो कुणालाही विकू शकतो, पुन्हा अडवता येत नाही.

इथेच गैरसमज होतो. लोकांना वाटतं की गटाला विकणं मालकावर बंधनकारक आहे. मुळीच नाही. त्याने ६ महिने थांबून बिल्डरला विकलं तरी कायदा मोडत नाही. आणखी एक पळवाट आहे. पब चालता धंदा म्हणून विकला तर ही थांबण्याची अटच लागू होत नाही. शिवाय विलंबामुळे नुकसान झालं तर मालक कौन्सिलकडे भरपाई मागू शकतो.

टॅव्हर्नची नोंद लॅम्बेथ कौन्सिलने ऑक्टोबर २०१४ मध्ये केली. तोवर विक्री होऊन गेलेली होती. वरातीमागून घोडं म्हणावं असंच ते होतं, कारण नोंदीचा मुख्य उपयोग विक्री रोखणं हाच. तरीही ती वाया गेली नाही, आणि याचं कारण नगररचनेच्या नियमांत आहे. त्या वेळी पब पाडायला किंवा त्याचं दुकान करायला बहुतेक वेळा नगररचनेची परवानगीच लागत नसे. कितीतरी पब रातोरात छोटी सुपरमार्केटं झाले ते यामुळे. एप्रिल २०१५ पासून समाजोपयोगी नोंद असलेल्या पबांना ही सूट बंद झाली. मे २०१७ पासून ती सगळ्याच पबांना बंद झाली. सप्टेंबर २०२० पासून पब हा स्वतंत्र वापर धरला जातो, म्हणजे दुसऱ्या कशातही बदलायचा तर अर्ज करावा लागतो. विक्री अडवण्यासाठी उशिरा आलेली नोंद पाडापाडी अडवण्यासाठी मात्र वेळेवर होती.

अर्ज कुठे फसतात? कायदा 'स्थानिक' समाजाचं हित विचारतो, आणि एलजीबीटी पबाला लोक शहरभरातून येतात. अर्जात नुसतं 'लंडनचा लाडका पब' लिहिलं तर मालकाचा वकील नेमका तोच धागा ओढतो. आसपास राहणारे कोण येतात, कोणते गट तिथे बैठका घेतात, कोणत्या दिवशी काय चालतं हे तारखांसह द्यावं लागतं. दुसरी चूक नकाशात होते. वरच्या मजल्यावर राहती जागा असेल तर ती पबाच्या कामाशी कशी जोडलेली आहे हे लिहिलं नाही, तर सीमेवरून वाद उकरता येतो.

दुसरं हत्यार: वारसा-यादी

ही नोंद १९९० च्या कायद्याखाली होते. हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था पाहणी करून शिफारस करते आणि निर्णय संस्कृती खात्याचा मंत्री देतो. दर्जे तीन: ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. यादीतल्या ९० टक्क्यांहून जास्त इमारती ग्रेड टू आहेत, त्यामुळे 'फक्त ग्रेड टू' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. संरक्षण तितकंच खरं असतं. यादीतल्या इमारतीत परवानगीशिवाय फेरफार करणं किंवा ती पाडणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्यासाठी दंडाला कमाल मर्यादा नाही आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आतला भागही, वर्णनात लिहिलेला नसला तरी, संरक्षणात येतो.

अर्ज कुणीही करू शकतो आणि तो विनामूल्य आहे. मात्र मालकाला कळवलं जातं. पाडण्याचा धोका अगदी समोर असेल तर कौन्सिल ६ महिन्यांची तात्पुरती संरक्षण-सूचना लावू शकते. उलट मालकही 'ही इमारत ५ वर्षं यादीत येणार नाही' असं प्रमाणपत्र मागू शकतो. त्याने आधी हालचाल केली तर मोहीम हात चोळत बसते. निर्णय पटला नाही तर फेरविचारासाठी २८ दिवस असतात.

टॅव्हर्नच्या अर्जापुढे दोन अडचणी होत्या. आतला भाग बदललेला, म्हणजे निव्वळ वास्तुशास्त्रावर भर देऊन चालणार नव्हतं. आणि ज्या इतिहासावर भर द्यायचा तो लपवून ठेवलेला इतिहास. शिक्षेच्या भीतीत जगणारी माणसं फोटो काढत नाहीत, हजेरी लिहीत नाहीत, पत्रं जाळून टाकतात. पोलिसांची नोंद सापडते, आनंदाची सापडत नाही. लेखक-संशोधक बेन वॉल्टर्स यांनी मोहिमेसाठी अर्ज लिहिला त्यात म्हणूनच बागेपासून डकीपर्यंतची सलग साखळी दाखवावी लागली. अशा कामात उपयोगी पडतं ते हे: कार्यक्रमांची पत्रकं, समलिंगी वृत्तपत्रांतल्या जाहिराती, परवान्याच्या नोंदी, न्यायालयाची कागदपत्रं, जुने नकाशे, आणि तारखा व नावं पडताळून घेतलेल्या मुलाखती. 'पूर्वीपासून चालत आलं आहे' एवढं पुरत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या भागात, कोण सादर करत होतं, हे इमारतीच्या ठरावीक जागांशी जोडून दाखवावं लागतं. मोहिमेला अभिनेते इयन मॅकेलन आणि पॉल ओग्रेडी यांच्यासारख्यांचा पाठिंबा मिळाला. त्याने बातमी झाली, पण निकाल फिरला तो कागदांवर.

त्याच वर्षी, जून २०१५ मध्ये, न्यूयॉर्क शहराने तिथल्या स्टोनवॉल इन या गे बारला शहर-वारसा दर्जा दिला होता. लंडनच्या निर्णयानंतर पुढच्या वर्षी हिस्टॉरिक इंग्लंडने ऑस्कर वाइल्ड यांच्या घरासह काही जुन्या नोंदींत त्यांचा समलिंगी इतिहास लिहून घातला. आधी त्या नोंदी गप्प होत्या.

जिथे कायदा पोचत नाही

उत्तर लंडनमधला ब्लॅक कॅप हा कॅम्डेनचा ड्रॅग पब टॅव्हर्नचा जणू भाऊच. त्याच्याकडेही समाजोपयोगी मालमत्तेची नोंद होती. एप्रिल २०१५ मध्ये मालकाने तो बंद केला. नोंद असताना पब बंद करणं हा गुन्हा नाही, आणि कुलूप लावून इमारत वर्षानुवर्षं रिकामी ठेवली तरी कुणी उघडायला लावू शकत नाही. लोक दर आठवड्याला दारासमोर जमत राहिले.

पूर्व लंडनमधला जॉइनर्स आर्म्स जानेवारी २०१५ मध्ये बंद झाला तेव्हा मोहिमेने वेगळी वाट धरली. तिथे नवं बांधकाम येणार होतंच. २०१७ मध्ये टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलकडून परवानगी देताना त्या प्रकल्पात एलजीबीटी लोकांसाठीच पब असावा अशी अट घालून घेतली गेली. इमारत गेली तरी वापर जपण्याचा हा प्रयत्न, म्हणजे टॅव्हर्नच्या बरोबर उलट बाजू. अशा अटीचा कमकुवत दुवा वेळापत्रकात असतो. प्रकल्प रखडला की पबही रखडतो, आणि तोवर ग्राहक पांगतात.

यादीतल्या पबालाही तीन धोके राहतात. पहिला भाड्याचा. १९५४ च्या कायद्याने धंद्याच्या भाडेकरूला करार संपल्यावर नूतनीकरण मागण्याचा हक्क आहे, पण करारातच दोघांनी तो सोडून दिलेला असू शकतो. म्हणून सही करण्याआधी ते एक कलम वाचणं बाकी सगळ्यापेक्षा गरजेचं. दुसरा परवान्याचा. २००३ च्या परवाना कायद्यात चार उद्दिष्टं आहेत: गुन्हे रोखणं, सार्वजनिक सुरक्षा, सार्वजनिक उपद्रव टाळणं आणि मुलांचं संरक्षण. शेजारी नवे फ्लॅट झाले, रहिवाशांनी आवाजाची तक्रार केली की परवान्याचा फेरविचार सुरू होऊ शकतो, वेळ कमी होते, संगीतावर बंधनं येतात. २०१८ पासून राष्ट्रीय नगररचना धोरणात असं आहे की जुन्या पबाशेजारी नवी घरं बांधणाऱ्यानेच आवाज अडवण्याची सोय करायची. परंतु ही अट फ्लॅटची परवानगी मंजूर होतानाच लिहून घ्यावी लागते. माणसं राहायला आल्यावर ती मागे जाऊन लावता येत नाही. म्हणून आसपासचा प्रत्येक बांधकाम-अर्ज पाहून, दुहेरी काचा आणि बंद ठेवायच्या खिडक्यांपर्यंतच्या मागण्या मुदतीत लिहून पाठवणारं कुणीतरी पबाकडे असावं लागतं.

तिसरा धोका तारखेचा. वारसा-यादीला मुदत नाही. समाजोपयोगी नोंदीला मात्र ५ वर्षांची आहे, आणि ती आपोआप पुढे चालत नाही. नवा अर्ज, नवे २१ मतदार, नवे पुरावे, आणि कौन्सिलचे ८ आठवडे धरून हे सगळं मुदत संपण्याच्या निदान चार महिने आधी सुरू करावं लागतं. मधे एक दिवसाची जरी फट पडली तरी त्या दिवशी मालक कुणालाही न कळवता इमारत विकू शकतो.